पडद्यावरचे तात्या

आमच्या घरी सिनेमाला कुणी नावं ठेवत नसे, कारण सिनेमा कुणी पाहिलेलाच नसे. आईनं लग्नाआधी माहेरी देवादिकांचे एक-दोन पाहिले होते आणि त्यातला हनुमान उडतो कसा हे ती आम्हाला पुन्हा पुन्हा सांगे. तात्यांना, म्हणजे आमच्या वडिलांना, विचारलं तर ते म्हणत, "अंधारात बसून लोकाची भांडनं काय बघायची? उजेडात फुकाट दिसत्यात की." एवढं बोलून ते हसत. त्यांच्या हसण्याला आवाज नव्हता, नुसते खांदे हलायचे. अशा माणसाचं तोंड पुढे पुण्या-मुंबईच्या वर्तमानपत्रांत गाजलं आणि त्यावर शिकलेली माणसं हमरीतुमरीवर आली, हे आज लिहितानाही मला खरं वाटत नाही.

आमची वस्ती संगमनेरपासून जवळ, प्रवरेच्या कडेला, चारही बाजूंनी उसात. घराच्या ओट्यावरून पाहिलं तर ऊस, विहिरीवरून पाहिलं तरी ऊस. दिवाळी झाली की कारखान्याचा भोंगा सुरू व्हायचा आणि वाऱ्यावर मळीचा आंबूस वास यायचा. पाहुणे नाकाला पदर लावत. आम्हाला मात्र तो वास आला की बरं वाटे, कारण त्याच्या पाठोपाठ टायरगाड्यांच्या बैलांच्या घुंगरांचा आवाज यायचा आणि पाथर्डीकडची ऊसतोडीची टोळी आमच्या विहिरीपलीकडे उतरायची. पाचटाच्या कोप्या, म्हणजे उसाच्या वाळल्या पाल्याच्या झोपड्या, उभ्या राहायच्या, तीन दगडांच्या चुली पेटायच्या आणि आमच्या एकट्या वस्तीला शेजार मिळायचा. त्या टोळीत तिसगावजवळची भामा होती. तिचा नवरा आणि ती पहाटेच उसाच्या फडात शिरत. तिची मंगी नावाची पोर अंगावर पिती होती तेव्हापासून दिवसभर आमच्या ओट्यावर असायची. म्हणायला ती आईच्या स्वाधीन, पण खरी तात्यांच्या खांद्यावर. धारा काढताना तात्या तिला शेजारी पोत्यावर बसवत आणि पहिल्या धारेचा फेस तिच्या नाकाला लावत. ती नाक फेंदारून शिंकली की यांचे खांदे हलायला लागत. आम्हा भावंडांना तात्यांनी कधी चापट मारली नाही. मारायचं खातं आईकडे होतं आणि ती ते चोख सांभाळी. तात्यांना राग आला की ते विहिरीच्या काठावर जाऊन बसत, आणि आई म्हणे, "बसू द्या, पान्याला सांगत्यात."

सिनेमावाले आले ते टोळी यायच्या आधी, ऊस डोक्याच्या वर गेला होता तेव्हा. त्याच आठवड्यात बिबट्यानं आमची रतन नेली होती. रतन म्हणजे कालवड, कपाळावर पांढरा टिळा असलेली. तात्यांनी तिला बाटलीनं दूध पाजून वाढवलं होतं, कारण तिची आई वितानाच गेली होती. गोठ्यापासून उसापर्यंत ओढत नेल्याची रेघ उमटली होती. तात्या त्या रेघेवरून फडाच्या तोंडापर्यंत गेले आणि तिथून परत फिरले. त्या दिवशी ते विहिरीवरून जेवायलासुद्धा उठले नाहीत.

आमच्याकडे उसात बिबट्या शिरला की हाकारा करतात. सगळी वस्ती थाळ्या, डबे, काठ्या घेऊन जमते, आरडाओरडा करते आणि फडाच्या तीन बाजूंनी आत सरकते. चौथी बाजू मोकळी सोडायची, हा त्यातला पहिला नियम. जनावराला पळायला वाट दिसली पाहिजे, नाहीतर ते अंगावर येतं. मारायचं कुणाच्या मनात नसतंच, नुसतं पलीकडे घालवायचं. पलीकडचे लोक मग आमच्याकडे घालवतात, ही गोष्ट वेगळी.

पुण्याचे साहेब, म्हणजे त्या सिनेमाचे डायरेक्टर, यांना हा हाकारा पाहिजे होता. माणूस किडकिडीत आणि गोड बोलणारा. "तुमच्यासारखे खरे चेहरे मला नटांत कुठे मिळणार?" असं ते प्रत्येकाला म्हणत, आणि प्रत्येकाला ते आपल्यालाच म्हणताहेत असं वाटे. बिबट्याचा हाकारा दाखवायचाय म्हटल्यावर सगळी वस्ती कामाला लागली. आईनं त्यांच्या माणसांसाठी मासवडी आणि झणझणीत रस्सा केला. शेजारच्या बायका भाकरी थापायला आल्या. फक्त एका गोष्टीवर गाडं अडलं. साहेब म्हणाले, चारी बाजूंनी या, गोल करा, गोल बंद झाला पाहिजे. तात्या पुढे झाले. "तसं न्हाई करीत साहेब. एक अंग मोकळं ठिवावं लागतं."

"अहो तात्या, खरा बिबट्या कुठे आहे? कॅमेऱ्याला मोकळी जागा बरी दिसत नाही."

"दिसू द्या की. रीत हाय ती."

साहेब हसले, तात्यांच्या खांद्यावर हात टाकून त्यांना बाजूला घेऊन गेले आणि बराच वेळ बोलले. काय बोलले ते नंतर कळलं. कुणाचं जास्त नुकसान झालंय हे त्यांनी आधीच विचारून ठेवलं होतं. गोल बंद झाला की मधे घोंगडीखाली काहीतरी असेल, तो बिबट्या आहे असं समजा, तुमची रतन नेणारा तोच, असं त्यांनी सांगितलं. दोन दणके द्या आणि थांबा. मेकपवाल्यानं तात्यांच्या सदऱ्यावर आणि गालावर लाल पाणी शिंपडलं. आम्ही बायका-मुली बांधावर उभ्या होतो, तिथून आम्हाला त्यांची फक्त पाठ दिसत होती. थाळ्या वाजल्या, माणसं "मारा, मारा" करत आत धावली, गोल बंद झाला आणि तात्यांची काठी वर गेली. दोन दणक्यांवर थांबायचं होतं. तात्या थांबेनात. शेवटी दोघांनी त्यांना मागे ओढलं आणि साहेबांनी टाळ्या वाजवल्या. आम्हीही वाजवल्या. घोंगडीखाली पेंढा भरलेली पोती होती. तात्या घाम पुसत बांधावर आले, मासवडीवर ताव मारला आणि आईला म्हणाले, "रतनीच्या नावानं हाणलं. लई दिसांनी बरं वाटलं बघ." आईला हायसं वाटलं. मलाही वाटलं.

पुढचं वर्ष नेहमीसारखं गेलं. टोळी आली, गेली, दुसऱ्या हंगामाला परत आली. मंगी आता दुडूदुडू चालत होती आणि तात्यांना "ताता" म्हणत होती. दिवाळीनंतर संगमनेरच्या थेटरात सिनेमा लागला. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत सतरंजी टाकून आख्खी वस्ती निघाली. बायकांनी ठेवणीतली पातळं नेसली होती. मी दहावीला होते, अभ्यास सोडून आले म्हणून आई वाटेत दोनदा रागावली आणि तिनेच मला डोक्यात माळायला अबोलीचा गजरा दिला. थेटरात आम्ही एका ओळीत बसलो, आई, मी, माझ्या पलीकडे तात्या. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली होती, देवळात बसल्यासारखी. पडद्यावर आमची विहीर आली तेव्हा ओळीतून आरोळी उठली. "अगं बाई, आपली म्हैस!" आई मोठ्यानं म्हणाली, तर पुढचा कुणीतरी हसला.

गोष्ट मात्र बिबट्याची नव्हतीच. टोळीतला एक ऊसतोड्या होता. पुण्याचा नट, पण कोयता बरा धरला होता. गावात पोरं पळवणारा आलाय अशी आवई उठते, कुणीतरी त्याच्याकडे बोट दाखवतं, तो जिवाच्या भीतीनं उसात शिरतो. आणि मग थाळ्या वाजायला लागल्या. आमच्याच थाळ्या. आमचीच माणसं काठ्या घेऊन आत धावत होती. ओळीत जो तो आपापलं तोंड शोधत होता, त्यामुळे काय चाललंय हे आमच्या डोक्यात शिरायला उशीर झाला. गोल बंद झाला. मधे घोंगडी पांघरून तो नट हात जोडून बसला होता. आणि मग पडदाभर तात्या आले.

मी ते तोंड कधीच पाहिलं नव्हतं. दात दिसत होते, डोळे लकाकत होते आणि गालावर लाल शिंतोडे होते. काठी खाली आली की पडद्यामागून हाडावर बसल्यासारखा आवाज येई. पोत्यावर असा आवाज येत नाही, मी बांधावर उभी होते, मला माहीत होतं. घोंगडीतून एक हात बाहेर आला, हलला, थांबला. परत तात्या. रागानं वेडंवाकडं झालेलं तोंड मी कसंबसं सोसलं असतं. पण त्या तोंडावर सुख होतं.

खालच्या बाकांवरून शिट्ट्या सुरू झाल्या. "हाण! सोडू नको! हाण!" ती आमची माणसं नव्हती, बाजाराला आलेली कुठली कुठली पोरं होती. मागे एक बाई मोठ्यानं रडत होती आणि तिच्याबरोबरचा माणूस शिट्ट्या मारणाऱ्यांना शिव्या घालत होता. दोघे-तिघे उठून एकमेकांच्या अंगावर गेले. त्या सगळ्या गलक्यात मी बाजूला पाहिलं. तात्यांनी मांडीवरची टोपी उचलून तोंडावर धरली होती, दोन्ही हातांनी. आईनं माझं मनगट धरलं आणि आम्ही अंधारात लोकांच्या पायांवर पाय देत बाहेर पडलो. बाहेर लख्ख ऊन होतं. शेंगदाणेवाला तात्यांकडे पाहून दोन पावलं मागे सरला, कारण तो आत डोकावून आला होता.

अगदी अलीकडे, मागच्या वर्षी, माझ्या मुलीनं मला नगरला एका चकचकीत थेटरात नेलं. त्या सिनेमात रक्ताला सुमार नव्हता. आजूबाजूला पोरं मक्याच्या लाह्या खात होती आणि मीही खात होते, कारण ते रक्त कुणाचंच वाटत नव्हतं. मग मागच्या रांगेत कुणीतरी शिट्टी मारली आणि मला तिथे बसवेना. मुलीला वाटलं, आईला रक्त बघवलं नाही. मीही तिला तसंच समजू दिलं.

सिनेमाची परीक्षणं आम्हाला कुलकर्णी सरांमुळे कळली. सर हायस्कूलला मराठी शिकवत, पुण्याची दोन वर्तमानपत्रं मागवत आणि चौकातल्या चहाच्या हॉटेलात ती मोठ्यानं वाचत. मी दळण घेऊन तिथे थांबले होते, तात्या बाकावर होते. एका परीक्षकानं सिनेमा डोक्यावर घेतला होता. शांत दिसणाऱ्या खेड्याच्या तळाशी काय दडलंय हे कुणीतरी धाडसानं दाखवलं, आणि हाकाऱ्यात पुढे असलेल्या त्या निनावी गावकऱ्याचा चेहरा पाहून तर थरकाप होतो, असं त्याचं म्हणणं. दुसऱ्यानं तो सिनेमा रक्ताचा बाजार ठरवला होता. गरिबाचं मरण दाखवून थेटरात शिट्ट्या मिळवणं हा निर्लज्जपणा आहे, अशा सिनेमानं माणसं शहाणी होत नाहीत, उलट चेकाळतात, असं त्यानं लिहिलं होतं. पण त्या चेहऱ्याला विसरता येत नाही, हे त्यानंही कबूल केलं होतं. हॉटेलात लगेच दोन तट पडले. कुणी म्हणे, गावाचं नाव झालं. कुणी म्हणे, नाव गेलं, साहेबाला तंगड्या मोडून परत पाठवायला पाहिजे होतं. ज्यांची तोंडं सिनेमात नीट दिसली नव्हती ते जास्त चिडले होते.

तात्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "सर, म्या बिबट्याला मारीत हुतो, आसं कुटं लिवलंय का?"

"तात्या, तसं नसतं लिहीत. पडद्यावर जे दिसतं त्यावर लिहितात."

"मंग तितं खाली लिवा म्हनावं, ह्यो मानूस न्हाई, बिबट्या हाय."

सरांना वाईट वाटलं. समजूत घालायला ते म्हणाले, "अहो, हे कौतुक आहे तुमचं. मोठमोठ्या नटांना असा अभिनय जमत नाही."

"म्या अभिनय न्हाई केला, सर," तात्या म्हणाले. "त्योच तर घोळ हाय."

सरांनी पेपरची घडी घातली.

तात्या अंगणातल्या कडुनिंबाला आरसा टांगून दाढी करत. त्या दिवसांत मी एकदा गोठ्यातलं शेण काढून येत होते तर ते आरशासमोर तोंडाला साबण न लावताच उभे होते. दात विचकत होते, भुवया वर नेत होते, परत खाली आणत होते. दुसऱ्या कुणाला हे पाहताना हसू आलं असतं. माझी चाहूल लागली तेव्हा ते वळले.

"शालन, खरं सांग. म्या कदी आसा दिसतो का गं घरात?"

"नाही तात्या."

"मंग त्यो आला कुटून? त्या तोंडाला मी वळखत न्हाई. पर काटी माजी हाय, हात माजा हाय. आन् बरं बी मलाच वाटलं हुतं." त्यांनी आरसा झाडावरून काढला आणि आईकडे दिला. त्यानंतर ते दाढीला गावात न्हाव्याकडे जाऊ लागले, आणि तिथेही डोळे मिटून बसतात असं न्हावी सांगत असे.

हे सगळं आम्ही पचवलं असतं. पण पुढच्या बाजाराच्या दिवशी टोळी संगमनेरला गेली, आणि सिनेमात ऊसतोड्या आहे असं कळल्यामुळे सगळे हौसेनं थेटरात शिरले. दुसऱ्या दिवशी पहाटे आईनं ओट्यावर मंगीचं पोतं अंथरलं. मंगी आली नाही. ऊन वर आलं तेव्हा भामा पाणी न्यायला विहिरीवर आली. मंगी तिच्या पाठीला लुगड्यानं करकचून बांधलेली होती आणि "ताता, ताता" करत हात पुढे करत होती.

"भामे, पोरीला न्हाई आनलं?" आईनं विचारलं.

"आजपून ती माज्यासंगंच फडात ऱ्हाईल, मावशे."

"आगं, पाचटात, कोयत्यांत? का म्हून?"

भामानं हंडा खाली ठेवला. "मावशे, मला कळतंय, त्यो शिनेमा हाय. मी काय येडी न्हाई. तात्या देवमानूस हाय ह्ये बी मला ठावं हाय. पर पोरीला हितं ठिवून माज्या हातनं कोयता चालायचा न्हाई. डोळं मिटलं की मला त्येच तोंड दिसतंय. मी काय करू?" ती रडत होती. आईही रडायला लागली. गोठ्यात धार काढणारे तात्या सगळं ऐकत होते. चरवीतला आवाज थांबला.

मग तात्यांनी त्या पोरीचा ध्यास घेतला. बोलले काही नाहीत, पण रोज सकाळी पेलाभर दूध विहिरीच्या कठड्यावर ठेवायचे आणि लांब जायचे. भामा दूध नेई. पेला घासून परत ठेवी. तात्या मग ओट्यावर बसून त्या रिकाम्या पेल्याकडे बघत. एकदा आईला म्हणाले, "हंगाम सरायच्या आत येकदा पोरगी कडंवर आली म्हंजी झालं. दुसरं काय बी नगं मला." मला त्या साहेबांचा इतका संताप येई की त्यांचा गोड आवाज आठवला तरी मी दाणकन भांडं आपटत असे.

आणि मग एका दुपारी खरोखरचा बिबट्या आला. आमच्या खालच्या फडात तोडणी चालली होती. ऊस तोडत आणला की जनावर उरलेल्या पट्ट्यात कोंडलं जातं, तसा तो कोंडला गेला होता. शेजारच्या उसाला पाणी देणाऱ्या गड्यानं पाहिला आणि बोंब ठोकली. नेहमीप्रमाणे थाळ्या वाजल्या, डबे वाजले, माणसं काठ्या घेऊन तिन्ही अंगांनी धावली. तात्या गोठ्यातून तसेच पळाले, हातात म्हशीची मेख ठोकायचा दांडका. मी आणि आई मागे. चौथी बाजू, ओढ्याकडची, रीतीप्रमाणे मोकळी सोडली होती.

टोळीतल्या माणसांना बिबट्या ठाऊक होता, पण खरा हाकारा त्यांच्या दिशेनं कधी आला नव्हता. ते फडाच्या कडेला भाकरी खात बसले होते. त्यांना बोंब नीट ऐकू आली नव्हती. त्यांना दिसलं ते एवढंच की थाळ्या वाजताहेत, माणसं "मारा, हाणा" ओरडत तीन बाजूंनी धावत येताहेत आणि सगळ्यांच्या पुढे, दांडका उगारून, तात्या आहेत. तेच शेत, तीच माणसं, तेच तोंड. मी आजही शपथेवर सांगते की टोळीतली चाळीशी उलटलेली, जगाचा मार खाल्लेली माणसं भाकरी टाकून किंचाळत सुटली. आणि सुटली कुठे? जिकडे कुणी नव्हतं तिकडे. ओढ्याकडे. जी वाट आम्ही बिबट्यासाठी सोडली होती, नेमकी त्या वाटेला.

भामा सगळ्यात पुढे होती, मंगीला पोटाशी धरून. तात्यांना ते दिसलं. "भामे, तिकडं न्हाई! आगं तिकडं न्हाई, माघारी फिर!" असं ओरडत ते तिच्यामागे धावले. तिला शब्द कळत नव्हते. तिनं एकदा मागे वळून पाहिलं, दांडका दिसला, आणि ती जिवाच्या आकांतानं आणखी जोरात पळाली. ते जितके ओरडत तितकी ती लांब जाई. आई छाती बडवत होती. पट्ट्याच्या कडेचे ऊस हलले ते मला दिसले, ओढ्याच्या अंगाला, भामाच्या अगदी पुढ्यात.

तात्या मधेच थांबले. काय करायला पाहिजे हे त्यांना त्या क्षणी कसं सुचलं, देव जाणे. त्यांनी दांडका लांब फेकला. खाली तोडलेल्या उसाच्या बुडख्यांतच फतकल मारली, डोक्यावरची टोपी काढली आणि थेटरात धरली होती तशी दोन्ही हातांनी तोंडावर धरली. त्यांना बसलेलं पाहून बाकीचेही गप्प झाले. थाळ्या थांबल्या.

भामानं मागे पाहिलं. पाठीवर कुणी नाही, हे कळल्यावर तिचे पाय थांबले. आणि ती जिथे पोचली असती त्या जागेवरून बिबट्या निघाला. पिवळसर, बुटका, मला वाटला त्यापेक्षा खूप लहान. त्यानं तिच्याकडे पाहिलंही नाही. ओढ्यात उतरला आणि गेला.

मग टोळीतले एकेक जण खाली मान घालून परत येऊ लागले. त्यांनाही कळलं होतं, आपण कशाला भ्यालो. आमच्या माणसांनाही कळलं होतं, आणि ते काठ्या पाठीमागे लपवत होते. भामाला परत यायला एकच वाट होती, बुडख्यांमधली, तात्या बसले होते तिथून. ती हातभर अंतरावर येऊन थांबली. मंगी रडायची थांबली होती आणि टोपीमागे कोण आहे हे ओळखून "ताता" म्हणाली. तात्यांचे खांदे हलले. हसण्यानं नव्हे.

"तात्या," भामा म्हणाली. तिचा आवाज उद्धट नव्हता. "तेवढं तोंड पल्याड करा. मंग मी जाते."

तात्या बसल्या जागी वळले. ओढ्याकडे तोंड करून, टोपी तशीच धरून. भामा त्यांच्या पाठीमागून पोरीला घेऊन गेली. जाताना तिनं वाकून त्यांच्या पाठीला, सदऱ्याला हात लावला आणि तो हात कपाळाला लावला. मग ती धावतच कोपीकडे गेली. आई मला म्हणाली, "घरी चल," पण आम्ही दोघीही हललो नाही.

हंगाम सरला. मंगी कडेवर आली नाही. पुढच्या वर्षी टोळी दुसऱ्या कारखान्याकडे गेली असं मुकादमाकडून कळलं. तात्यांनी पुढे हाकाऱ्याला जाणं सोडलं नाही, पण त्यानंतर त्यांच्या हातात कायम पितळी थाळी असायची, आणि ते सगळ्यांच्या मागे असायचे. टोळ्यांच्या गाड्या वस्तीवरून जायला लागल्या की ते गोठ्यात जात. कुणी तसं सांगितलं नव्हतं.

ते जाऊन आता बरीच वर्षं झाली. मध्यंतरी माझी नात ईशा पुण्याहून आली होती. तो जुना सिनेमा कुणीतरी धुऊनपुसून मोबाईलवर टाकलाय आणि त्यावर आता पुन्हा भांडणं लागलीत, असं तिनं सांगितलं. एकजण म्हणतो, असा सिनेमा आज काढायची कुणाची छाती नाही. दुसरी म्हणते, हा काढायलाच नको होता. दोघांच्याही खाली माणसं एकमेकांना शिव्या घालताहेत. ईशानं मोबाईल माझ्यापुढे धरला. "आजी, हे खरंच पणजोबा? बाप रे. किती भयंकर दिसतात!"

तळहाताएवढ्या काचेवर तात्या काठी उगारत होते. इतक्या वर्षांनी तेच दात, तेच डोळे, तेच सुख. घरात त्यांचा एक फोटो आहे, मतदानाच्या कार्डावरून मोठा केलेला. त्यात ते कुणीही असू शकतात. हलणारे, चालणारे, श्वास घेणारे तात्या जगात फक्त या एका ठिकाणी उरलेत. ईशानं माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि घाईघाईनं मोबाईल बंद करायला लागली.

"बंद करते आजी, सॉरी."

मी तिचा हात धरला. "थांब," म्हटलं. "परत लाव."